पुरात गाव धावून येतो, म्हणून इशारा नको काय?

सत्तरीकर:
२३ जुलै २०२१ रोजी गोव्यातील म्हादई नदीला आलेल्या पुराचा विषय निघाला की आमच्या सत्तरी तालुक्यात बोलणे ठरलेल्या वाटेनेच जाते: कोणी कोणाला पाण्यातून काढले, देवळाच्या मंडपात किती जणांची पेज शिजली, कपडे कुठून आले. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी त्या वेळी १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले होते आणि राज्यभरात सुमारे १,००० घरांची हानी झाल्याचा अंदाज होता. माझे घर कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, वरच्या अंगाला आहे. गोठ्यात पाणी शिरल्याचे आम्हाला गाईच्या हंबरण्यावरून कळले, कोणत्याही भोंग्यावरून नव्हे. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, पोरांनी माझ्या आईला खुर्चीसकट उचलून वर नेले. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. परंतु त्यांचे कौतुक जितके वाढते तितका, इशारा का मिळाला नाही, हा प्रश्न मागे पडतो, हे मला खटकते. नदी चढू लागल्याची खबर वरच्या गावाकडून खालच्या गावाला थेट मिळावी, आणि होडी, दोर व थोडा निधी पावसाळ्यापूर्वीच पंचायतीच्या ताब्यात असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसवाडीचा शेतकरी:
आपल्या मागणीतील पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा मुळीच नाही. पंचायतीच्या हाती पैसा गेल्यावर कोणाच्या कुळागरातील पडलेल्या पोफळी आधी मोजल्या जातील, हे आपल्याला ठाऊक नाही असे कसे म्हणू? मामलेदार कार्यालयाचा पंचनामा रेंगाळतो, परंतु त्याला निदान कागद असतो आणि कागदावर दाद मागता येते. गावाच्या एकोप्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. खाजनांचेच, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनींचेच, पाहा. बांध आणि मानस (खारे पाणी अडवणारी दारे) सांभाळण्याचे काम पूर्वी गावकरी संस्था करीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते हळूहळू कुळांच्या संघांकडे आले, आणि आज फुटलेल्या बांधातून खारे पाणी शिरून पडीक झालेली शेते मला घराच्या पायरीवरून दिसतात. उलट साखळी शहरात वाळवंटी नदीच्या काठी भिंत बांधली गेली, पातळी वाढली की बाजारातले पाणी पंपांनी उपसून नदीत टाकले जाते. हे काम सरकारी खात्याच्या अभियंत्यांनी केले, कोणा गावसभेने नव्हे.

सत्तरीकर:
आमच्या वाळपईच्या बाजूला खाजने नाहीत, त्यामुळे तो दाखला आम्हाला लागू होत नाही. म्हादईत भरतीचे पाणी गांजे गावापर्यंत चढते. त्याच्या वर आम्हाला भीती असते ती घाटातून एकाएकी उतरणाऱ्या पाण्याची. २०२१ च्या त्या पुराच्याच दिवशी दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान दरड कोसळून रेल्वेगाडीचे डबे रुळांवरून घसरले होते, यावरून घाटातील पावसाची कल्पना यावी. पंप बाजारपेठेसाठी ठीक आहे. नदीकाठच्या दहा घरांच्या वाड्यासाठी पंप कोण बसवणार?

साळवासी:
तुम्ही दोघेही गोव्याच्या हद्दीतच विचार करीत आहात. आमच्या शापोरा नदीचे पाणी तिळारी धरणातून येते. धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात. प्रकल्प दोन्ही राज्यांचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग वाढला आणि साळ, इब्रामपूर, हणखणे या गावांत पाणी भरले. अशा वेळी गावाने कितीही धाव घेतली, तरी दरवाजे किती उघडायचे हे गाव ठरवत नाही, पणजीचे सरकारही एकटे ठरवत नाही. म्हणून निधी कोणाच्या ताब्यात असावा हा वाद मला दुय्यम वाटतो. विसर्ग वाढवण्यापूर्वी खालच्या प्रत्येक पंचायतीला किती तासांची मुदत मिळेल, हे दोन्ही सरकारांनी लेखी बांधून घेतले पाहिजे.

तिसवाडीचा शेतकरी:
हे पटते. मात्र एक अडचण राहते: रात्री दोनला कळवले, तर पंचायतीत फोन उचलणार कोण?

सत्तरीकर:
पंचायतीत नव्हे, वाड्यावर. आमच्याकडे ज्या पोरांनी खुर्ची उचलली, ती रात्रभर जागीच होती. त्यांच्यापैकी दोघांचे क्रमांक धरणावरील कार्यालयात लिहून ठेवायला कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही. निधीचा मुद्दा मी मागे घेतो. होडीचा घेत नाही.