शांतता चर्चेतला 'राजकीय अधिकारी' नक्की करतो काय?

सांगलीकर_मामा
भाचीची संयुक्त राष्ट्रांच्या एका मोहिमेत राजकीय अधिकारी म्हणून निवड झाली. पेढे वाटून झाले, पण 'म्हणजे करणार काय' हे तिच्या आईलाही धड सांगता येईना. मी २००६ ते २०१० काठमांडूत खासगी नोकरीला होतो, त्यामुळे ही जमात जरा जवळून पाहिली आहे. माझं मत फारसं चांगलं नाही, म्हणून धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. नेपाळमधलं सरकार आणि माओवादी यांच्यातलं दहा वर्षांचं यादवी युद्ध नोव्हेंबर २००६ च्या करारानं थांबलं. जानेवारी २००७ मध्ये सुरक्षा परिषदेनं 'अनमिन' ही मोहीम मंजूर केली. माओवाद्यांच्या शिबिरांवर आणि दोन्ही बाजूंच्या शस्त्रांवर नजर ठेवायची, शिवाय संविधान सभेच्या निवडणुकीला मदत करायची, असं काम. माओवाद्यांनी बत्तीस हजारांवर माणसं नोंदवली, अनमिनच्या तपासणीत १९,६०२ खरी ठरली. मग मे २००९ मध्ये शक्तिखोर शिबिरातला माओवाद्यांचे नेते 'प्रचंड' यांचा व्हिडिओ बाहेर आला. त्यात ते आपल्याच माणसांना सांगतात की आपण होतो सात-आठ हजार, आकडा फुगवून पस्तीस हजारांवर नेला, आणि वीसेक हजार पदरात पडले!

मुलाखती घेणारे, अहवाल लिहिणारे हे सगळे अधिकारी तेव्हा काय करत होते? आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा? साहेब तोवर पुढच्या देशात. जानेवारी २०११ मध्ये, शिबिरं भरलेली असतानाच, मोहीमसुद्धा गाशा गुंडाळून गेली. अधिकार आहे, रुबाब आहे, उत्तरदायित्व शून्य. भाचीला हे अजून बोललो नाही.

वरवंटा
पगार डॉलरमध्ये, पांढरी गाडी, आणि काम काय तर 'चिंता व्यक्त करणे'. आमच्या आळीतले आप्पा हे फुकटात करतात.

निवृत्त_फौजी
मामा, व्हिडिओ मीही पाहिला होता आणि तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं. पण तपासणीचे निकष बघा. माणूस २५ मे २००६ च्या आधी भरती झालेला हवा, आणि त्या तारखेला अठरा पूर्ण हवा. बस्स. 'तू लढलास का, किती लढाया पाहिल्यास' हे निकषात नव्हतं. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या चौकटीबाहेरचं विचारायचं ठरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी शिबिराचं दार बंद.

शस्त्रांचंही तसंच. बंदुका कंटेनरमध्ये, बाहेर कॅमेरा आणि भोंगा संयुक्त राष्ट्रांचा, पण कुलपाची किल्ली माओवाद्यांकडे. हे करारातच होतं. आणि अख्ख्या देशासाठी मंजूर निरीक्षक किती, तर १८६. सात मुख्य शिबिरं, एकवीस उपशिबिरं, वर नेपाळी सैन्याच्या बराकी. हिशेब तुम्हीच करा.

मी स्वतः आफ्रिकेत एका मोहिमेत निरीक्षक होतो. आम्ही गणवेशवाले राजकीय अधिकाऱ्यांना 'वहीवाले' म्हणायचो. चेष्टेनंच. पण एकदा नाक्यावर आम्हाला पाच तास अडवलं, तेव्हा कुठल्या कमांडरच्या कुठल्या मेहुण्याला फोन लावायचा हे त्या वहीतूनच निघालं.

सांगलीकर_मामा
मेहुण्याचं ठीक. पण किल्ली ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडेच, असला करार लिहायला मदत कोणी केली? वहीवाल्यांनीच ना? कच्चा करार लिहायचा आणि नंतर 'करारातच तसं आहे' म्हणायचं, हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं झालं.

कोरा_कागद
बरेच दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही. मी या हुद्द्यावर दीड वर्ष काम केलंय, नेपाळमध्ये नाही, देश सांगणार नाही.

दिवस असा जातो. सकाळी स्थानिक पेपर आणि रेडिओ. त्यातून साहेबांसाठी एक पान, दोन झालं तर कोणी वाचत नाही. मग भेटी. पक्षाचा सरचिटणीस, टोळीचा म्हातारा, नुकताच नाराज झालेला उपनेता. (नाराज उपनेता सोन्याच्या मोलाचा. तो सगळं सांगतो.) भेटीत लिहायचं कमी, ऐकायचं जास्त, आणि संध्याकाळी आठवणीतून टिपण. माणूस काय बोलला हे अर्ध्या पानात. काय बोलायचं टाळलं, ते उरलेल्या अर्ध्यात.

चर्चा सुरू झाल्या की मसुदे. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात. एका रात्री आमच्या चार पानांत एकसष्ट कंस होते, पहाटे एकोणपन्नास झाले, तेव्हा आम्ही खरोखर चहा-बिस्किटांवर पार्टी केली. बाहेर कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. कधी कधी शिक्का-सही नसलेला कागद पुढे सरकवायचा, म्हणजे तो कोणाचाच नसतो आणि पटला नाही तर कोणाची अब्रू जात नाही.

किल्लीबद्दल. मामा, न हरलेल्या सैन्याकडून किल्ली मागितली की त्याला शरणागतीचा वास येतो. किल्ली त्यांच्याकडे आणि भोंगा आपल्याकडे, ही मला तरी फार हुशार तडजोड वाटते. नाहीतर बंदुका कंटेनरमध्ये आल्याच नसत्या.

आणि नेपाळची गोष्ट २००७ ला सुरू होत नाही. तमरात सॅम्युएल नावाचे संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या राजकीय विभागातले अधिकारी २००३ पासून काठमांडूला ये-जा करत होते. सुरक्षा परिषदेचा ठराव नाही, कार्यालय नाही, शेजारच्या मोठ्या देशाला तिसरा कोणी नकोच होता. नुसतं भेटत राहणं. त्यांचं नाव आज कोणाला माहीत आहे?

वरवंटा
शेजारचा मोठा देश म्हणजे आपणच की! नेपाळच्या राजाविरुद्धचा बारा कलमी समझोता नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत झाला. सात पक्ष आणि माओवादी, टेबलावर वहीवाला एकही नाही. राजाला खाली खेचलं ते रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी. हे नंतर आले कॅमेरे लावायला.

कोरा_कागद
बरोबर. करार करायचा तो तिथल्याच माणसांनी. मी कुठे म्हटलं आम्ही केला?

तराईवाला
मी जनकपूरच्या बाजूला काही वर्षं एका संस्थेत होतो. तुम्ही दोन्हीकडचे आकड्यात आणि किल्लीत अडकलात, म्हणून वेगळं सांगतो.

त्या तपासणीत ४,००८ जण बाहेर पडले. त्यातले २,९७३ अल्पवयीन, बाकीचे उशिरा भरती झालेले. २०१० च्या सुरुवातीला त्यांना शिबिरांतून घरी धाडलं. लोकांच्या तोंडी त्यांचं नाव काय पडलं, माहीत आहे? 'अयोग्य'. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, शब्दही आपलाच, म्हणजे मराठी माणसाला भाषांतर नको. तेरा-चौदाव्या वर्षी बंदूक हातात दिली, विशीच्या आतबाहेर परत पाठवलं, आणि कपाळावर हा शिक्का. संयुक्त राष्ट्रांच्या कागदात नंतर 'पडताळणीत अल्पवयीन व उशिरा भरती ठरलेले' असं लांबलचक सोज्ज्वळ नाव आलं. ते गावात कोण म्हणणार?

जे पात्र ठरले त्यांना २०१२ मध्ये स्वेच्छानिवृत्तीचे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले, चौदाशेच्या आसपास नेपाळी सैन्यात गेले. अयोग्यांपुढे शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, शाळा असले पर्याय ठेवले. वाईट नाहीत हो. पण लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे विचारतात, 'अयोग्य' म्हणजे कशासाठी अयोग्य?

मामांचा प्रश्न इथे लागू होतो. फुगलेल्या आकड्याचा जाब प्रचंडांना विचारा, त्यांनी स्वतःच सांगितलंय. या शब्दाचा कोणाला विचारायचा?

निवृत्त_फौजी
मुलांना सैनिक म्हणून पात्र ठरवायचं होतं का मग? पैसे मिळाले असते, आणि पुढच्या वेळी प्रत्येक टोळीनं शाळा रिकाम्या केल्या असत्या.

तराईवाला
तसं म्हणत नाही. वगळलं ते योग्यच. शब्दाबद्दल बोलतोय.

कोरा_कागद
यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आम्ही इंग्रजी मसुद्यात अल्पविरामावरून भांडतो. स्थानिक भाषेत तो शब्द कसा ऐकू येईल, हे बहुतेक दुभाषाला जाता जाता विचारलं जातं, तेही वेळ असेल तर. आमचा दुभाषा एकदा भर बैठकीत म्हणाला, 'हा शब्द मी उच्चारणार नाही, माझी आई ऐकते रेडिओ.' तेव्हा सगळे हसले. मीही हसले होते.

वरवंटा
आता जरा मुद्द्याचं बोललात.

सांगलीकर_मामा
धागा भाचीला पाठवला. रात्री फोन आला. म्हणाली, करार दोन बाजूंचा असतो, जाबही त्यांनीच द्यायचा. अधिकाऱ्यानं जाब द्यायला लागला तर तो तिसरी बाजू होतो. पाठ केल्यासारखं बोलली. मला पटलेलं नाही आणि तिला तसं सांगितलं. 'अयोग्य'चं वाचून मात्र ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'दुभाषे किती असतील ते विचारून घेते.' पुढच्या महिन्यात निघतेय. मी स्टेशनवर जाणार आहे, मत कायम ठेवून.

निवृत्त_फौजी
कुठे ते विचारत नाही. पण देश आफ्रिकेतला असेल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला सांगा. त्याशिवाय लसीचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, ग्राह्य धरत नाहीत. ते पासपोर्टबरोबरच ठेवायचं, सामानात नाही.