सहावीतल्या मुलाला वर्गात त्रास देतायत, मस्करी म्हणून सोडून द्यायचं का?

चाफेकळी: मुलगा सहावीत आहे, बोलताना जरा अडखळतो, तर वर्गातली तीन-चार मुलं हात धुऊन त्याच्या मागे लागलीत. तो उत्तर द्यायला उभा राहिला की नक्कल, दप्तर लपवणं, आणि आता तर त्याच्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर टाकलंय. रोज सकाळी पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत. बाई म्हणाल्या मुलंच ती, चालायचंच. नवरा म्हणतो एक ठेवून दे, परत नादी लागणार नाहीत. काय करू?

टिवल्याबावल्या: तुमच्या मिस्टरांशी सहमत. आम्हीही खाल्लाय मार, मोठे झालोच की. हल्ली जरा काही झालं की लगेच बुलिंग!

खडूफळा: शिक्षिका आहे म्हणून लिहिते. नॉर्वेत डॅन ओल्वेअस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, 1970 च्या दशकापासून याच विषयावर काम केलं त्यांनी, ते तीन गोष्टी बघायला सांगायचे, मुद्दाम चाललंय का, परत परत होतंय का, आणि समोरच्याची ताकद कमी पडतेय का. दोन बरोबरीची पोरं भांडली तर ते भांडण, पण इथे चौघं एकाच्या मागे आहेत आणि तेही रोज, मग मस्करी कसली? ठेवून दे म्हणणं सोपं आहे हो, चौघांसमोर तो एकटा, आणि बाई वळून बघतील तेव्हा नेमका यानेच उगारलेला हात दिसणार.
अजून एक, शाळेने समोरासमोर बसवून सॉरी म्हणा, हात मिळवा असं केलं तर स्पष्ट नको म्हणा. भांडण असतं तर चाललं असतं, इथे त्याला त्यांच्यासमोर परत बसवायचं आणि बाहेर पडल्यावर चुगलखोर म्हणून दुप्पट त्रास.

रानवारा: सगळे त्या चौघांबद्दलच बोलताय, बाकीचा वर्ग काय करतो ते विचारलंत का? नक्कल झाल्यावर हसतं कोण? त्या हसण्यावरच तर चाललंय सगळं. फिनलंडमध्ये किवा म्हणून कार्यक्रम आहे शाळांसाठी, त्याचा भर या बघ्यांवरच आहे. कॅनडात शाळेच्या मैदानावरचं व्हिडिओ शूटिंग करून अभ्यास झाला होता, 2001 साली छापून आला, त्यात कुणी पोरगं मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला होता. आणि मध्ये पडायचं म्हणजे दादागिरी करायला नको, न हसणं, चल रे म्हणून त्याला बाजूला घेऊन जाणं, एवढंही बास होतं.

खडूफळा: +1. आणि चाफेकळी, बाईंना परत तोंडी सांगू नका. काय झालं, कुठे, कोण होतं, तारखेसकट लिहून मुख्याध्यापकांना द्या, ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडा, पोच घ्या. त्या मुलांच्या आईवडिलांना स्वतः फोन करू नका, ते आपल्याच मुलाची बाजू घेतात आणि मूळ विषय राहतो बाजूला.

चाफेकळी: अर्ज आजच लिहिते. त्याच्या बेंचवरचा मुलगा हसत नाही म्हणाला तो. त्याच्या आईशी बोलू का?

रानवारा: आधी लेकाला विचारा, त्याला चालणार आहे का ते. नाहीतर तो पुढच्या वेळी काही सांगायचाच नाही.