गच्चीवर छोटी पवनचक्की: बेळगावात जमेल का?

टिळकवाडीकर: आषाढात आमच्या सोलरची अवस्था बघवत नाही. पॅनल 3 किलोवॅटचं, पण ढग उतरले की दिवसाला दोन-तीन युनिट. आणि वारं? गेल्या जूनमध्ये शेजाऱ्यांच्या शेडचा पत्रा थेट आमच्या तुळशीपाशी. उन्हाळ्यात पॅनल, पावसाळ्यात चक्की, जोडी बसते की! केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून सोलरला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, मग वाऱ्यानं काय पाप केलंय?

अनगोळचा वायरमन: पत्रा एका झोतात उडतो हो. चक्कीला सारखं वारं लागतं. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली शक्ती आठव्या हिश्शावर येते. खोक्यावरचा ‘1 किलोवॅट’ हा साधारण ताशी 40 किलोमीटर वाऱ्याचा आकडा. 1.8 मीटर व्यासाची चक्की ताशी 11 किलोमीटरला फिरलीच तर दहा वॅट देईल. बाथरूमचा बल्ब लावा.

येळ्ळूरकर: गल्लीचं सोडा की. आमच्याकडं राजहंसगडाच्या बाजूला उघडा माळ आहे, आडवं काही नाही. गदगला, साताऱ्यात चाळकेवाडीला चक्क्या फिरतातच ना? सगळ्यांनाच टिळकवाडीच्या मापानं मोजू नका.

अनगोळचा वायरमन: माळावर बसवा, मी स्वतः येतो वायर ओढायला. माझं भांडण गच्चीशी आहे. 150 मीटरच्या आत जे सगळ्यात उंच झाड किंवा बिल्डिंग असेल, त्याच्या वर निदान 9 मीटर पातं पाहिजे. टिळकवाडीतले नारळ आणि अपार्टमेंट धरून खांब किती उंच होतो, करा हिशेब. ब्रिटनमध्ये वॉरिक चाचण्यांत इमारतींवरच्या 26 चक्क्या मोजल्या. 2009 चा अहवाल आहे. बंद असलेला वेळ धरून एका चक्कीमागं सरासरी दिवसाला 214 वॅट-तास. पाव युनिटसुद्धा नाही! उंच टॉवरवरच्या बऱ्या चालल्या, पण तिथं खालच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली.

शहापूरची सून: आवाजाचं मी सांगते. माझ्या दिरांनी निपाणीत बसवली होती. दिवसा काही कळायचं नाही. रात्री मात्र पिलरमधून घूंऽऽ असं खाली यायचं, पलंगाला हात लावला तरी जाणवायचं. सासूबाई म्हणायच्या, गिरण वर नेऊन ठेवलाय व्हय रे? दुसऱ्या पावसाळ्यानंतर उतरवली. बोल्ट काढले तिथून स्लॅब गळायला लागला, तो खर्च निराळा.

टिळकवाडीकर: बोल्ट न मारता वजनावर उभं राहणारं स्टँड मिळतं म्हणे. तुम्ही सगळे आधीच नाही म्हणून बसलाय.

अनगोळचा वायरमन: मग पैसे घालण्याआधी टाकीच्या वर बांबू उभा करा आणि लांब रिबन बांधा. आडवी ताठ उडाली तर वारं सरळ येतंय, मग पुढचं बोलू. गरगरली तर चक्कीच्या कामाचं नाही.

टिळकवाडीकर: रविवारी बांधली. चार दिवस बघतोय. वारं जोरात आहे, पण रिबन एकदा वर, एकदा खाली, आणि संध्याकाळपर्यंत बांबूलाच गुंडाळलेली. रोज सोडवून यायचं काम नातवाकडं आहे.

येळ्ळूरकर: टाकीचा आडोसा असणार. बांबू उंच करा. नाहीतर रिबन घेऊन आमच्या माळावर या.