मदत हवी आहे: लंडनच्या ‘बो’ सिमेटरीत पुरलेल्या पणजोबांची कबर कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात एक वाक्य तीन पिढ्या चालत आलंय. "तेका बावेत पुरल्यानी." माझी आत्या सांगायची, तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. पणजोबा बोटीवर होते, विलायतेत वारले आणि तिथल्या लोकांनी त्यांना बावेत पुरलं. बाव म्हणजे आमच्याकडे विहीर. परक्या माणसाला विहिरीत टाकून वर माती लोटली, असंच आम्ही सगळे समजत आलो. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांनी आयुष्यभर कधी विहिरीत वाकून बघितलं नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

गेल्या वर्षी माझा भाचा नोकरीसाठी लंडनला गेला. एका रात्री त्याचा फोन आला. "मावशी, इथे पूर्वेला बो नावाचा भाग आहे. बी, ओ, डब्ल्यू. आणि तिथल्या जुन्या दफनभूमीला लोक बो सिमेटरी म्हणायचे." ही अक्षरं नुसती वाचणारा माणूस त्याला ‘बाव’च म्हणणार. कुणीतरी सोबत्यानं कागदावर वाचलं आणि घरी येऊन तसंच सांगितलं असणार. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता जे हातात आहे ते सांगते. आम्ही मूळचे गोव्यातल्या बार्देशचे ख्रिश्चन. पणजोबा गेल्यावर पणजी मुलाला घेऊन माहेरी, सावंतवाडीकडे आली, म्हणून आमची शिक्षणं मराठीत झाली. पणजोबा मुंबईहून बोट पकडायचे. बोट मिळेपर्यंत मुक्काम धोबीतलावच्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात. तिथे संध्याकाळी सगळे तारवटी, म्हणजे बोटीवरचे लोक, मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचे, एवढंच त्यांच्याविषयी आत्याला ठाऊक होतं. बोटीवर ते सलूनमध्ये, म्हणजे जेवणाच्या टेबलांवर वाढपी होते. त्यांची ट्रंक परत आली. तिच्यातलं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, पोर्तुगीजमध्ये ‘वारला’ आणि पुढे १७ फेब्रुवारी १८९५, लंडन. बोटीचं नाव कुठेच नाही.

इंग्लंडमध्ये मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून आहे आणि तिची सूची घरबसल्या बघता येते, हे भाच्यानं शोधलं. सूची तिमाहीची असते. आम्ही १८९५ ची पहिली तिमाही घेतली, पूर्व लंडनचा पोपलर जिल्हा, खंड १सी. आडनाव सरळ लिहून काही मिळालं नाही. मग मी आमच्या आडनावाची जेवढी रूपं सुचली तेवढी कागदावर मांडली. (डिसोझासारखं आडनाव असेल तर ते डी खाली, एस खाली, ‘दा’ लावून, न लावता, कसंही सापडू शकतं. गोव्याचं नाव कानानं ऐकून लिहिणाऱ्या इंग्रज कारकुनाची कल्पना करा.) सातव्या प्रयत्नाला एक नोंद मिळाली. दाखला मागवला. तारीख जुळते. वय ३४. धंदा: बोटीवरचा वाढपी. कारण: न्यूमोनिया. ठिकाण: ‘पोपलर अँड स्टेपनी सिक असायलम’.

इथे आम्ही अडलोय. दाखल्यावर पुरल्याची जागाच नाही. खबर देणारा संस्थेचा कुणी अधिकारी, म्हणजे तो धागाही तुटला. आणि असायलम या शब्दानं मी हबकले. त्यांना वेड लागलं होतं का? बो सिमेटरीत लाखो माणसं पुरलेली आहेत म्हणे. त्यात एक माणूस कसा शोधायचा? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. मी ६७ वर्षांची आहे. दगड, संगमरवर काही नको. फक्त जागा कळावी.

प्रतिसाद, माइलएंडकर

ताई, आधी तो शब्द मनातून काढून टाका. सिक असायलम म्हणजे वेड्यांचं इस्पितळ नव्हे. गरीब आजाऱ्यांसाठी १८६७ च्या कायद्यानंतर लंडनमध्ये जी सार्वजनिक इस्पितळं निघाली, त्यांतलं ते एक. १८७१ मध्ये ब्रॉम्ली-बाय-बोला उघडलं. पुढे त्याचं सेंट अँड्र्यूज हॉस्पिटल झालं. तुमची दफनभूमी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. बोट पुढे गेली आणि आजारी माणूस मागे राहिला, असं झालं असेल तर तो अशाच ठिकाणी पोचायचा. आणि १८९५ चा फेब्रुवारी इथे भयंकर थंडीचा गेला. टेम्समधून बर्फाचे तुकडे वाहत होते. कोकणातल्या माणसाच्या छातीचं काय झालं असेल!

दाखल्यावर दफनाची जागा नसतेच, कुणाच्याही. ती दफनभूमीच्या स्वतःच्या नोंदवहीत असते. बो सिमेटरीचं खरं नाव सिटी ऑफ लंडन अँड टॉवर हॅम्लेट्स सिमेटरी. १८४१ साली एका कंपनीनं उघडली, १९६६ साली तिथली दफनं थांबली. एकूण सुमारे साडेतीन लाख माणसं. १८८९ पर्यंतच २ लाख ४७ हजार झाली होती. पण आकड्याला घाबरू नका. नोंदी तारखेनं आहेत आणि तुमच्याकडे तारीख आहे. जुनी दप्तरं क्लर्कनवेलच्या लंडन आर्काइव्हजमध्ये आहेत. भाच्याला १८ फेब्रुवारीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ओळ न् ओळ वाचायला सांगा. नाव शोधू नका, ‘सिक असायलम’ आणि वय ३४ शोधा. थंडीमुळे दफन लांबलेलंही असेल.

एक गोष्ट मन घट्ट करून वाचा. बहुतेक ती पब्लिक ग्रेव्ह असेल. म्हणजे जागा कंपनीची, कुटुंबानं विकत घेतलेली नव्हे. एकमेकांशी काही नातं नसलेली माणसं एकाच खड्ड्यात एकावर एक. इथले काही खड्डे ४० फूट खोल होते, त्यांत तीस-तीस जण. वर दगड नसायचा.

प्रतिसाद, एक वाचक

माणूस कॅथलिक होता ना? मग लेटनस्टोनची सेंट पॅट्रिक्स दफनभूमी विसरू नका. १८६८ साली खास कॅथलिकांसाठी उघडली आणि पूर्व लंडनचे कॅथलिक बरेचसे तिथेच आहेत. घरची आठवण ‘बाव’ म्हणते हे खरं, पण ‘बो’ला वारले आणि लेटनस्टोनला पुरले, असंही असू शकतं. बोमध्ये नाही मिळालं तर लगेच तिकडे विचारा. हार मानू नका.

प्रतिसाद, दर्यावर्दी

बोटीचं नाव मिळालं तर त्यांच्या प्रवासाचीही माहिती कळेल. ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्या वर्षावार विभागल्या गेल्यात. बहुतांश कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाकडे, दहा टक्के ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि पाचने संपणाऱ्या वर्षांच्या ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये. १८९५ म्हणजे ग्रिनिच, म्हणजे लंडनमध्येच. शिवाय खलाशांच्या मृत्यूच्या वेगळ्या नोंदवह्या १८९१ पासून आहेत, त्यांत बोटीचं नाव असतं. बार्देशचा माणूस तेव्हा पोर्तुगीज प्रजाजन. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘पोर्तुगीज’ दिसलं तर ती ओळ ओलांडून जाऊ नका.

धागाकर्ती

मंडळी, सापडले.

भाच्यानं दोन शनिवार आर्काइव्हजमध्ये घालवले. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी, २५ फेब्रुवारी १८९५ च्या पानावर. आडनावात दोन अक्षरं चुकलेली, नाव बरोबर, वय ३४, सिक असायलम. बो सिमेटरी. आत्या बरोबर सांगत होती, फक्त आम्हाला ऐकू चुकीचं आलं होतं.

आणि हो, पब्लिक ग्रेव्हच आहे. माइलएंडकरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं झालं. ‘चाळीस फूट’ हे वाचून मी मागच्या दारी आमच्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. ती तीस फुटांची आहे. मग मला वाटलं, तो कागद वाचणारा सोबती कदाचित दफनाला स्वतः हजर असेल. त्यानं तो खड्डा पाहिला असेल. पणजीनं ‘बावेत’ असं ऐकलं, ते बोचं नाव होतं की त्यानं पाहिलेलं सांगितलं, आता कोण सांगणार!

कबरीच्या त्याच क्रमांकाखाली आणखी अकरा नावं आहेत. भाच्यानं सगळी उतरवून पाठवली. त्यातली पाच बाळं, एक वर्षाच्या आतली. एक ७१ वर्षांची बाई. सगळे त्याच पंधरवड्यातले. मी ती नावं प्रार्थनेच्या पुस्तकात, त्या पेन्सिलीच्या ओळीखाली लिहून ठेवली. इथल्या पाद्रींना सांगितलंय, मिस्सा बाराही जणांसाठी व्हायची. १३० वर्षं एकत्र राहिलेत, आता एकट्या पणजोबांचं नाव घ्यायचं मला बरं वाटत नाही.

भाचा तिथे जाऊनही आला. माइल एंड स्टेशनवर उतरून सदर्न ग्रोव्हच्या फाटकातून आत. म्हणाला, "मावशी, रान आहे गं." प्रार्थनेची जुनी मंदिरं पाडलेली, झाडं वाढलेली, आयव्हीच्या वेलींखाली दगड झाकलेले, खारी फिरताहेत. या जागेची काळजी घेणारं फ्रेंड्स ऑफ टॉवर हॅम्लेट्स सिमेटरी पार्क म्हणून एक मंडळ आहे. तिथल्या एका स्वयंसेवक बाईंनी क्रमांक बघून त्याला नकाशावर चौकोन दाखवला आणि सोबत चालत गेल्या. नेमकी कबर बोट ठेवून दाखवता येत नाही, पण दोन मॅपलच्या झाडांमधला एवढा एवढा तुकडा, असं कळलं. त्यानं तिथून व्हिडिओ कॉल केला. मी इथून तेर्सचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, म्हटलं. आजूबाजूला पाखरं ओरडत होती, ती मला ऐकू येत होती.

आता दोन प्रश्न. एक, तिथली चिमूटभर माती इकडे आणली तर चालेल का? आमच्या सिमितेरीत पणजीच्या कबरीवर टाकायची आहे. दुसरा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, भाच्याची ड्यूटी आहे आणि त्याला सुट्टी मिळत नाही. इतक्या वर्षांत त्या दिवशी तिथे कुणी गेलेलं नाही. लंडनमधल्या कुणाला अर्धा तास काढता येईल का?

प्रतिसाद, माइलएंडकर

मातीचं त्या मंडळालाच विचारा. ती जागा आता नैसर्गिक राखीव क्षेत्र आहे, विचारून घेतलेलं बरं. २ तारखेला मी जातो. चौकोनाचा क्रमांक आणि बाराही नावं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मोठ्यानं वाचेन. मी ख्रिश्चन नाही, चालेल ना? फुलं नुसती नेतो, प्लास्टिकचा कागद तिथे नको. तुमच्याकडे कुठली वाहतात?

धागाकर्ती

चालेल, बाबा. झेंडूची.