गडद प्रिंटच्या कापडांची गोधडी, डिझाईन आणि कॉन्ट्रास्ट सुचवा ना

सुईदोरा_अमळनेर:
ताईंनो मदत करा. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या आणि माझ्या कुर्त्यांचे उरलेले पीस मिळून बरंच कापड जमलंय पण सगळं गडदच, नेव्ही ब्ल्यू, मरून, बॉटल ग्रीन, थोडं अजरख (ठशांनी छापलेलं कापड) आणि एक काळं ज्यावर तळहाताएवढी फुलं आहेत. लेकीसाठी सिंगल बेडची गोधडी करायचीय. चार-चार इंचाचे सोळा चौकोन जोडून बघितले तर लांबून नुसता काळा गोळा, फुलाचा तर एका चौकोनात फक्त देठ आलाय. मरून आणि हिरवा एवढे वेगळे रंग असून असं का होतंय? मध्ये पांढरं घालू का? पण आमच्याकडे गोधडी उन्हाळ्यात गच्चीवर पण जाते, आठ दिवसात मळेल.

केळीबाग:
पिवळं घाल. हळदीसारखं. बाकी विचारच करू नको.

धावदोरा_धुळे:
आधी एक कर, सगळे पीस जमिनीवर पसरून मोबाईलवर फोटो काढ आणि त्याला ब्लॅक अँड व्हाईट फिल्टर लाव. मरून आणि बॉटल ग्रीन एकसारखे राखाडी दिसतील बघ. रंग वेगळा असून भागत नाही, एक फिका एक गडद असा फरक पाहिजे. आमची जिजी म्हणायची, "कायावर काया लायं ते काय दिखी व माय?" म्हणजे काळ्यावर काळं लावलं तर काय दिसणार. तिला कुठं माहीत होते फिल्टर न् बिल्टर.
आणि ते मोठ्या फुलांचं कापड चार इंचात कापू नकोस गं, जीव जातो त्याचा! त्याचे साडेनऊ इंचाचे चौकोन काप, फूल मधोमध धरून. बारीक प्रिंटचे आणि प्लेनचे साडेतीन इंचाचे तुकडे करून नऊ-नऊचे ब्लॉक कर, चार कोपरे आणि मधला गडद, उरलेले चार फिके. पाव इंच शिलाई धरली की दोन्ही बरोब्बर नऊ इंचाचे होतात, मग एक मोठा एक नऊवाला असे आलटून पालटून लाव. आडवे सात उभे दहा म्हणजे ६३ बाय ९०, ३५ हे आणि ३५ ते. फुलांचं कापड ३५ ला पुरलं नाही तर काही मोठे चौकोन अजरखचे घे, चालतं.
पांढराशुभ्र मलाही नको वाटतो, गडदजवळ डोळ्यात खुपतो. गव्हाळी, मोतिया किंवा फिका बदामी घे. पिवळ्याला नाही म्हणत नाहीये केळीबागताई, पण हळदीचा चार-पाच ठिकाणीच, सगळीकडे घातला तर हळदीचा कार्यक्रम वाटेल 😄 काळ्या कापडातच बघ ना, फुलाच्या मध्ये बारीक ठिपका कोणत्या रंगाचा आहे, तोच रंग उचल.

तापीकाठ:
अजरख आहे म्हणतेस तर शिवायच्या आधी धू बाई! मी मागच्या वर्षी न धुता शिवलं आणि पहिल्याच धुण्यात सगळा बदामी निळसर झाला, रडायचीच बाकी होते. ओलं पांढरं फडकं कापडावर दाबून घास, रंग लागला तर वेगळं धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाचं पाणी सांगतात सगळे, मला तरी काही फरक पडला नाही. आणि गडद प्रिंटवर डिझाईनचे टाके घालायला जाऊ नकोस, दिसत नाहीत, सरळ धावदोरा घाल काठाकडून मध्याकडे, नक्षी जी काय ती फिक्या तुकड्यांवर.

सुईदोरा_अमळनेर:
धावदोराताई फोटो काढला, खरंच मरून न् हिरवा एकच झाले! काळ्या फुलांच्या मध्ये ठिपका मोहरीच्या रंगाचा निघाला, म्हणजे केळीबागताई पण थोड्या बरोबरच 😄 अजरख बादलीत टाकलंय, तिसरं पाणी अजून निळंच आहे. गव्हाळी सुती कापड साधारण किती मीटर आणू? उद्या जळगावला फुले मार्केटला जाणारच आहे.

धावदोरा_धुळे:
फिके तुकडे १४० लागतील, ४४ इंची पन्ह्यात एका ओळीत १२ बसतात. सव्वा मीटर पुरे, पण दीड आण, कापताना चुकतंच.