चिंचोके वाटून भागाकार येतो काय? (कालच्या पोस्टला उत्तर)

ट्यूशनवाला, शहापूर: काल एकाने लिहिलं, "शाळेत नुसते चिंचोके वाटत बसतात, पाढे पाठ केले की भागाकार आपोआप येतोय." डोकं फिरलं म्हणून लिहूलालो. माझ्याकडे चौथीचं पोरगं येतंय, तीसपर्यंत पाढे घडाघडा. १२ चिंचोके ३ जणांत वाट म्हटलं, एकेक टाकत प्रत्येकाला ४ दिले. मग म्हटलं, आता ३-३ च्या पुड्या बांध, किती होतील? लागलं परत तीनच ढीग मांडायला! उत्तर दोन्हीकडे ४, पण एकदा ४ चिंचोके आणि एकदा ४ पुड्या. हे पाढ्यात कुठं दिसतंय?

खानापूरचा पाव्हणा: मी लिवलेलं ते, अजून म्हणतोय. ७२५ भागिले २५ ला पोतं ओतणार काय? आमचे अण्णा पावकी, निमकी, अडीचकी म्हणजे पाव, अर्धा, अडीचच्या पाढ्यांवर बाजार करायचे, कागद लागायचा नाही. आणि अर्धा भागिले पाव वाटून दाखवा की, पाव माणूस कुठनं आणू?

निपाणीची लेक: माणूस कशाला? अर्धा लिटर दूध पाव लिटरच्या मापानं मोजा, दोन मापं भरतात, झाला भागाकार. माझी आई विड्या वळायची, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. हजार विड्या, २५ चं बंडल, ४० बंडलं. २५-२५ बाजूला काढत जायची आणि शेवटी १५ उरल्या तर त्याचं बंडल होत नाही, उद्याच्यात घालायच्या. बाकी म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. वर पुन्हा विड्या घेणारे वाईट म्हणून मूठभर छाटून टाकायचे, त्याची मजुरी कोण देणार? तो हिशोब कुठल्या पाढ्यात नाही.

खानापूरचा पाव्हणा: बरं बाई, दूध मान्य. ७२५ ला मात्र पाढाच.

चिकोडी रिटायर्ड: भांडण चुकीच्या जागी चाललंय. नली-कली म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांची खेळत शिकायची पद्धत, त्यात पहिली ते तिसरी एकाच खोलीत, मास्तर एक. १९९५ ला म्हैसूरकडं एच. डी. कोटेत सुरू झालं तेव्हा कार्डं, साहित्य, ट्रेनिंग सगळं मागं होतं. आमच्याकडं मराठी शाळेत मी एकटा, त्यात दूध आणि अंड्याचं रजिस्टर. चिंचोके वाटून होईपर्यंत बेल व्हायची.

खानापूरचा पाव्हणा: म्हणूनच माझी दोघं इंग्लिश मीडियमला.

ट्यूशनवाला, शहापूर: वा! मराठी भाग कर्नाटकात घातला म्हणून १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत पुढं, आणि पोरं कॉन्व्हेंटात?

खानापूरचा पाव्हणा: फेरी माझ्या घरात आणू नका. २०१४ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, मीडियम सरकार लादू शकत नाही, आईबाप ठरवणार. तुमचं ट्यूशन तरी मराठी शाळेच्या पोरांवर चालतंय काय?

ट्यूशनवाला, शहापूर: निम्मी तुमच्याच कॉन्व्हेंटची येतात, भागाकार शिकायला.

चिकोडी रिटायर्ड: पट कमी झाला की शाळा बंद, मग कुणाला वाटणार चिंचोके? एवढं दोघं मिळून सांगा.

खानापूरचा पाव्हणा: सर, तुमची नातवंडं कुठं आहेत हो?

चिकोडी रिटायर्ड: पुण्यात.

निपाणीची लेक: झालं की मग!