ऐन सुट्ट्यांत विहिरीचं पाणी मचूळ होतं, बेटावर राहणाऱ्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

आम्ही एका लहानशा बेटावर राहतो. पुळण घरापासून दोनशे पावलांवर. चार खोल्या पाहुण्यांना देतो आणि वर्षाची निम्मी कमाई डिसेंबरच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत होते. नेमक्या त्याच दिवसांत विहिरीचं पाणी मचूळ होतं. तीन वर्षं हेच चाललंय आणि दरवर्षी थोडं वाढतंय. यंदा पाहुणे यायच्या आधी काहीतरी करायचंच आहे, पण काय करावं ते उमगत नाही.

एरवी आमचं पाणी गोड आहे. विहीर चौदा फूट खोल, आत पाच फूट पाणी, तळाला वाळू. घरात आम्ही पाच माणसं. सुट्ट्या लागल्या की पहिल्या होडीपासून धक्क्यावर गर्दी, वाटेवर बॅगांच्या चाकांची खडखड, आणि आमच्याकडे बारा पाहुणे. प्रत्येक जण समुद्रात डुंबून येतो आणि अंगावरचं मीठ, वाळू गोड्या पाण्याने धुतो. कोणी दोनदा, कोणी तीनदा. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. खारट अंगाने कोणाला बसवतं? पण त्यापायी दीड एचपीची मोटार दिवसातून चार वेळा लावावी लागते.

बिघाड सर्वांत आधी आईला कळतो. २५ तारखेच्या आसपास कपडे धुताना ती म्हणते, "आज साबण फेस धरत नाही." दोन दिवसांनी आमच्या जिभेला कळतं. मग तोटीच्या तोंडाशी पांढरी कड धरते, विहिरीलगतच्या रोपांची पानं कडेने करपतात.

गेल्या वर्षी टीडीएस मीटर घेतला, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. २० डिसेंबरला ६२०, २७ ला १,४८०, १ जानेवारीला २,३००. पाहुणे गेले, उपसा कमी केला, तरी २० जानेवारीला ११०० होताच.

माझे प्रश्न असे. भरतीच्या वेळी विहिरीत पाणी वितभर चढतं, वडील तेव्हाच मोटार लावायचे. ते बरोबर होतं का? गवंडी म्हणतात अजून पाच फूट खाली जा, म्हणजे पाणी पुरेल. जावं का? की सरळ आरओ बसवावा? शेजारच्या मोठ्या निवासाचीही बोअर आहे आणि तिथे माणसं आमच्या चौपट. त्यांच्याशी हा विषय कसा काढावा, हेही सुचत नाही. वितुष्ट नको आहे.

प्रतिसाद १

विहीर खोल करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण गवंड्याला होकार गेला की काम थांबवणं जड जातं.

वाळूच्या बेटाखाली गोड्या पाण्याचा झरा नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं, मध्ये जाड, किनाऱ्याकडे पातळ. खारं पाणी गोड्याहून साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल, तर ढोबळमानाने खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. बाडोन गायबेन या डच अभियंत्याने १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनीतल्या हर्झबर्गने १९०१ मध्ये हे मांडलं. हाच हिशेब उलटाही चालतो. पातळी एक फूट खाली ओढलीत, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला निघतं. ते लगेच तिथवर पोचत नाही, पण मोटारीच्या बरोबर खाली त्याचा उंचवटा तयार होतो. विहीर खोल केलीत तर तुम्हीच त्याच्या भेटीला खाली जाल.

तुमचे आकडे पाहिले. समुद्राचा टीडीएस ३५,००० च्या घरात असतो. ६२० चे २,३०० व्हायला जेमतेम पाच टक्के समुद्र मिसळावा लागतो. शंभर तांब्यांत पाच. हजाराच्या पुढे पाणी बेचव लागायला लागतं, म्हणून २७ तारखेला तुमच्या जिभेला कळलं.

भरतीचं म्हणाल तर पाणी चढतं ते खालून येणाऱ्या दाबाने. गोडं पाणी त्याने एक तांब्याही वाढत नाही. वडिलांना उपसायला सोपं पडत असेल, पण साठा तेवढाच.

दोन गोष्टी सांगा. मोटार चालू असताना पाणी किती खाली जातं? आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपचं पाणी ओढणारं खालचं टोक, कुठे आहे, तळाशी का?

धागाकर्ता

इतकं नीट समजावून सांगितलंत, खूप आभार. गवंड्याला नको म्हणून कळवलं.

काल दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि मोटार लावून विहिरीत सोडली. पंधरा मिनिटांत पाणी दोन फूट खाली गेलं. मी इतकी वर्षं विहिरीत डोकावून पाहतोय, पण हे कधी मोजलं नव्हतं. पाणी उतरताना कड्यांवर ओली रेघ राहते, ती वरच्या वर वाळत गेलेली पाहिली आणि पोटात गोळा आला. फूटव्हॉल्व्ह तळापासून वीतभर वर आहे.

प्रतिसाद २

आरओबद्दल थोडं अनुभवाने. पिण्यापुरता छोटा आरओ जरूर घ्या. सगळ्या घराला आरओ म्हणाल तर तो घेतो त्यातलं बरंचसं पाणी अधिक खारट करून सोडून देतो, म्हणजे विहिरीतून अजून उपसा. आणि ते सोडलेलं पाणी अंगणात जिरवू नका, नळीने थेट समुद्रापर्यंत न्या.

दुसरं सुचवतो. संडासाला समुद्राचं पाणी वापरा. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लशला समुद्राचं पाणी वापरतात. वेगळी टाकी, वेगळा प्लास्टिकचा पाइप. गोड्या पाण्याची मोठी बचत होते.

प्रतिसाद १

वरच्या सूचनेत एक खाच आहे. हाँगकाँगला ते पाणी गटारवाहिन्यांतून बाहेर जातं. यांच्याकडे बहुतेक शोषखड्डा असेल. मग फ्लशचं खारं पाणी वाळूतून झिरपून त्याच गोड्या भिंगात उतरेल, म्हणजे वरूनही खारं आणि खालूनही. शोषखड्डा असेल तर हे करू नका. शिवाय खड्डा आणि विहीर यांत अंतर किती आहे तेही पाहा, गर्दीच्या दिवसांत वाळूतून घाण फार लवकर पोचते.

आता तुमच्या मोटारीकडे वळतो. सतरा माणसं, माणशी दीडशे लिटर, म्हणजे दिवसाला अडीच हजार लिटर. वीस तासांत वाटलं तर तासाला सव्वाशे लिटरच होतात. तुमची दीड एचपी एवढं पाणी काही मिनिटांत खेचते, मग तास-तास गप्प बसते. पाण्याला त्या झटक्याचाच त्रास आहे. अर्ध्या एचपीची मोटार लावा, टायमरवर दर तासाला थोडा वेळ चालेल अशी. फूटव्हॉल्व्ह वर उचला. लवचीक पाइप घेऊन तो एका बंद कॅनला बांधा, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होईल आणि पृष्ठभागापासून फूटभर खालचं पाणी घेईल. दोरीवर पातळी चार बोटांपेक्षा जास्त उतरताना दिसली, तर वेळ अजून कमी करा.

आणि फाटकाशी समुद्राच्या पाण्याची एक टाकी ठेवा. वाळू तिथेच झटकली की आतल्या आंघोळीला एक बादली पुरते. शॉवर मिनिटाला दहा लिटर सहज घेतो. त्या टाकीचं सांडपाणी मात्र पुळणीकडे काढा.

प्रतिसाद ३

शेजाऱ्यांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहिते. तुमच्या दोघांच्या कुंपणाखाली पाणी एकच आहे. तुम्ही एकट्याने काटकसर केलीत आणि पलीकडे मोठी बोअर दिवसभर चालली, तर तुमचे कष्ट निम्मे वाया जातील.

मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, काय झालं ते पाहा. अतिउपशाने तिथलं भूजल वापराबाहेर गेलं आणि सगळं शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून राहिलं. ४ डिसेंबर २०१४ ला त्या यंत्रणेच्या जागी आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ बंद झाले. भारताने 'ऑपरेशन नीर' करून विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं. पर्यटकांच्या ऐन हंगामात. विहिरी चांगल्या असत्या तर निदान दोन दिवस निभावले असते.

शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, मीटर घेऊन जा. त्यांच्या तोटीचं पाणी त्यांच्यासमोर मोजा. आकडा त्यांच्याही नुकसानीचा असेल. त्यांचे गीझर आणि वॉशिंग मशीन तुमच्याआधी खराब होत असणार.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज २६ डिसेंबर, घर भरलेलं आहे, जरा उशिराच लिहितोय.

आमच्याकडे शोषखड्डाच आहे, त्यामुळे फ्लशला समुद्राचं पाणी वापरायचा विचार सोडला. अर्ध्या एचपीची मोटार बसली, तरंगता पाइप बसला. पहिल्या दिवशी कॅन आडवा होऊन पाइपने हवा खेचली, मोटार कोरडी चालली. मग कॅनखाली दगड लटकवला, आता सरळ राहतो. फाटकाशी टाकी ठेवली. मुलं तिथेच खेळत बसतात, वाळू बाहेरच राहते.

शेजारच्या काकांकडे मीटर घेऊन गेलो. जाताना खूप धाकधूक होती. त्यांच्या तोटीला १,९०० आला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मला वाटत होतं हे फक्त आमच्याकडेच होतंय." त्यांची मोटार मोठी आहे आणि ऐन गर्दीत ते ती बदलू शकत नाहीत, हे मला पटतं. पण रात्री दहा ते पहाटे पाच बोअर बंद ठेवायला ते तयार झालेत.

आज सकाळी आमचा आकडा ८४० आला. गेल्या वर्षी या दिवसांत दीड हजाराच्या घरात होता. आई म्हणते, फेस अजून धरतोय.

एक शंका राहिली. पहाटे पाचला त्यांची बोअर सुरू झाली की आमची पातळी बोटभर खाली जाते, आज दोरीवर पाहिलं. तेवढा वेळ आमची मोटार बंद ठेवावी का, की आम्ही रात्रीच टाकी भरून घ्यावी? रात्री भरायला घेतली तर विहिरीला विश्रांती मिळणार नाही, ही भीती वाटते. कोणाला नक्की माहीत असेल तर आज रात्रीच्या आत सांगा, टायमर लावायचा आहे.

प्रतिसाद १

रात्री भरा, पण तसंच थेंबाथेंबाने. विश्रांती म्हणजे मोटार पूर्ण बंद असं नाही, पातळी खाली जाऊ न देणं. पाच ते आठ तुमची बंद ठेवा. दोघांच्या मोटारी एकाच वेळी चालल्या की उपशाने पातळीत पडणारे दोन्हीकडचे खड्डे एकमेकांत मिसळतात. आणि ३१ तारखेचा आकडा इथे लिहा, काकांचाही.